बैल जायच्या आधी

मराठीत आपण 'बैल गेला आणि झोपा केला' म्हणतो. झोपा म्हणजे गोठ्याचं कुडाचं दार, हे आता वर्गात फळ्यावर लिहून सांगावं लागतं. आमच्या घरी ही म्हण आईच्या तोंडून यायची, आणि शेजारच्या अज्जी लगेच तिला कन्नड जोड द्यायच्या, 'ऊरु कोळ्ळे होडेद मेले कोटे बागिलु हाकिदरु.' गाव लुटून झाल्यावर कोटाचा दरवाजा लावला! एकीत बैल जातो, दुसरीत अख्खं गाव, पण शहाणपण तेच. चोरी झाल्यावर उरलेल्या माणसांत काय होतं, ते मात्र दोन्ही म्हणी सांगत नाहीत. ते मी वडोदऱ्यात पाहिलं.

माझी आक्का लग्न होऊन वडोदऱ्याला गेली त्याला पंचवीस वर्षं झाली. गायकवाडांच्या राजवटीमुळे मराठी माणूस तिथे परका नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागात अजून आपली भाषा कानावर पडते. बेळगावला आणि वडोदऱ्याला जोडणारा रस्ताही एकच. पूर्वी इकडे चार नंबरचा आणि तिकडे आठ नंबरचा हायवे म्हणत. नव्या क्रमांकांप्रमाणे दिल्लीपासून चेन्नईपर्यंत हा सगळा राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. "वळायचं कामच नाही, सरळ या," असं दाजी नेहमी म्हणतात.

२०२३च्या नवरात्रात त्यांची गाडी चोरीला गेली. वडोदऱ्याचा गरबा म्हणजे सगळं शहर रात्री रस्त्यावर. मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत त्या रात्री पाहुण्यांच्याही गाड्या होत्या, म्हणून दाजींनी आपली फाटकाबाहेर कडुनिंबाखाली लावली. सकाळी सातला खाली उतरले तर झाडाखाली काचेचा चुरा तेवढा शिल्लक होता. कॉलेजला दसऱ्याची सुट्टी होती, मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले.

तोपर्यंत सोसायटीने चोर ठरवूनही टाकला होता. पहाटे येऊन गाड्या पुसणारा एक पोरगा होता, दाहोदकडचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. सोसायटीच्या कॅमेऱ्यात गाडी निघाली ती वेळ दिसत होती पाच वाजून अठरा मिनिटं. हा पोरगा रोज सव्वापाचला येणारा. त्या दिवशी तो फाटकातून आत आला साडेसहाला, असं कॅमेरा सांगत होता. गाडी साथीदारांच्या ताब्यात दिली आणि साळसूदपणे कामाला आला, असा हिशेब लोकांनी मांडला. "मी रोजच्याच वेळेला आलो," असं तो सांगत राहिला. रखवालदाराला वेळ आठवत नव्हती. पोराला दोनदा ठाण्यावर बोलावून झालं होतं, आणि इतर घरांनी त्याचं काम बंद केलं होतं.

आक्काने ते चित्रण मागून घेतलं आणि पुन्हापुन्हा पाहिलं. रात्री आम्ही जेवायला बसलो असताना ती एकदम म्हणाली, "अगं, मी गरब्याहून परत आले ते ह्यात एक बावन्नला दाखवतंय. घरात शिरता शिरता तुला फोटो धाडला होता ना? बघ जरा कधी आलाय तो." मी फोन काढला. फोटो बारा सदतीसला आला होता. कॅमेऱ्याचं घड्याळ सव्वा तास पुढे होतं!

म्हणजे गाडी गेली चारच्या सुमाराला, आणि पोरगा आला तो रोजच्यासारखा सव्वापाचलाच. चार वाजता तो भाजी मार्केटात पोती उतरवत होता, हे तिथल्या मुकादमाने सांगितलं. दाजी स्वतः त्याला घेऊन ठाण्यावर गेले आणि फौजदारांना दोन्ही वेळा लिहून दिल्या. फौजदार भले होते. त्यांनी ते नोंदवून घेतलं आणि पोराला मोकळं केलं.

दुसरी एक गोष्ट त्याच्या कामी आली होती, ती म्हणजे चाव्या. पोलिसांचा पहिलाच प्रश्न होता, "दोन्ही चाव्या कुठे आहेत?" आक्काने पाच मिनिटांत दोन्ही टेबलावर ठेवल्या. गाडी आतून पुसायची असली की ती स्वतः खाली जाऊन दार उघडायची आणि पुसून होईपर्यंत उभी राहायची. शेजारणी तिला संशयी म्हणायच्या. पण त्या पोराच्या हातात चावी कधी गेलीच नव्हती, त्यामुळे त्याने तिचा ठसा करून घेतला, असं म्हणायला कुणाला जागा राहिली नाही. चावी विश्वासाने कुणाच्याही हाती सोडणाऱ्या घरात विपरीत घडलं, तर त्या विश्वासाची किंमत ज्याच्या हाती चावी दिली त्याला मोजावी लागते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग चावी नसताना गाडी गेली कशी? हल्लीच्या बऱ्याच चाव्यांच्या मुठीत एक चिप असते. तिचा संकेत गाडीतल्या संगणकाशी जुळला तरच इंजिन चालू होतं. याला इमोबिलायझर म्हणतात; युरोपात ऑक्टोबर १९९८पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. नुसत्या तारा जोडून गाडी पळवण्याचे दिवस त्याने संपवले. पण चोरही शिकतात. काच फोडून आत शिरायचं, स्टिअरिंगखाली मेकॅनिक ज्या खाचेत तपासणीचं यंत्र लावतात तिथे आपलं यंत्र लावायचं, आणि काही मिनिटांत नवी चावी गाडीला ओळखायला लावायची, ही आताची रीत. बटणावर चालू होणाऱ्या गाडीची चावी तर घरात दाराजवळ टांगलेली असली, तरी तिचे संदेश बाहेरून यंत्राने वाढवून गाडीपर्यंत नेता येतात. अशी चावी दारापासून लांब, बंद धातूच्या डब्यात ठेवावी आणि डबा लावून गाडी उघडते का, हे एकदा तपासावं.

यावर उपाय जुनेच आहेत. गिअरला किंवा स्टिअरिंगला लोखंडी कुलूप लावलं, तर यंत्रवाल्या चोराचाही वेळ जातो, आणि चोराला नेमका तोच नको असतो. गाडी उजेडात लावावी. आरसी आणि विम्याचे मूळ कागद गाडीत ठेवू नयेत; डिजिलॉकरमधली प्रत पोलिसांना चालते. फास्टॅग ज्या फोनला जोडला आहे तो नंबर चालू ठेवावा. चोर टॅग काढायला विसरला, तर टोलनाक्याचा संदेश आपल्याला रस्ता दाखवतो. दाजींची वाट पाहणं फुकट गेलं, कारण टॅग बहुधा पहिल्याच वळणावर फेकला गेला होता.

गाडी गेलीच तर पहिला तास महत्त्वाचा. लगेच ११२ला फोन करावा आणि गुन्हा नोंदवावा. गुजरातेत २०२२पासून वाहनचोरीची ई-एफआयआर घरबसल्या करता येते. १ जुलै २०२४पासून देशभर लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही इलेक्ट्रॉनिक मार्गाने तक्रार देण्याची सोय केली आहे, पण तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. त्याच दिवशी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवावं. गुन्हा ताबडतोब नोंदवलेला असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये सांगितलं आहे. पण त्या भरवशावर थांबू नये.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विम्यातही भरपाई पॉलिसीत लिहिलेल्या मूल्याइतकी, आणि ते मूल्य वयाप्रमाणे घटतं. गाडीला तीन वर्षं होऊन चौथं लागलं की नव्याच्या किमतीतून चाळीस टक्के वजा. दोन्ही चाव्या, एफआयआर आणि तपास लागला नाही असा पोलिसांचा शेवटचा अहवाल द्यावा लागतो. तिकडे त्याला 'अ' समरी म्हणतात, आपल्याकडे कर्नाटकात 'सी' रिपोर्ट. दाजींचे पैसे सहा महिन्यांनी आले. गाडी आली नाही.

अशा गाड्या कुठे जातात? काही सुटे भाग होऊन विकल्या जातात. काहींवर अपघातात मोडलेल्या गाडीचा चॅसी नंबर ठोकून तिचेच कागद जोडतात आणि लांबच्या राज्यात विकतात. आपला जिल्हा सीमेवरचा. इथे महाराष्ट्र, गोवा, गुजरात पासिंगच्या गाड्या हातोहात विकल्या जातात, आणि 'स्वस्तात मिळाली' म्हणून आपण पेढे वाटतो. जुनी गाडी घेताना चॅसी नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून घ्या आणि त्याची सतरा अक्षरं आरसीशी ताडून पाहा. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एप्रिल २०१९पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी कारखान्यातूनच येते आणि तिचं कुलूप एकदा तोडलं की पुन्हा बसत नाही. तिथे साधे स्क्रू दिसले तर कारण विचारा. पोलिसांच्या 'वाहन समन्वय' या यादीत चोरीच्या गाड्या तपासता येतात. नाहीतर कुणाच्या तरी दाजींची गाडी आपल्या दारात उभी असायची.

तो पोरगा पुन्हा त्या सोसायटीत आला नाही. आक्काने निरोप धाडला, पगार दिला, "ये रे बाबा, तुझी काही चूक नव्हती," म्हणाली. तो नमस्कार करून गेला आणि दुसरीकडे कामाला लागला. ज्यांनी त्याला चोर म्हटलं होतं, त्यांच्यापैकी एकानेही त्याची माफी मागितल्याचं मला माहीत नाही. सोसायटीने चार नवे कॅमेरे मात्र बसवले.

टिळकवाडी असो, शहापूर असो, आपल्याकडेही पहाटे कुणीतरी गाड्या पुसायला येतं, दूध टाकतं, फाटक उघडतं. तुमच्या अपार्टमेंटच्या कॅमेऱ्याचं घड्याळ आज रात्री आपल्या फोनशी लावून पाहा. दुसरी चावी कुठे आहे, ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या. गाडीचा विमा उतरवता येतो, त्या पोराच्या नावाचा उतरवता येत नाही.