तीन आणि दोनशे अठ्ठावन्न

साहित्याचा विद्यार्थी असलो तरी पोटापाण्यासाठी माझा मुक्काम संगणकाच्या जगात असतो. त्यामुळे लिनक्सच्या कर्नलची संहिता मी काहीशी व्याकरणाच्या पुस्तकासारखी वाचतो. तिच्यातले माझे आवडते प्रकरण प्रक्रियांच्या, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या, अवस्थांचे.

प्रत्येक प्रक्रियेची अवस्था एका आकड्यात नोंदलेली असते. चालू असलेली किंवा चालण्यासाठी रांगेत सज्ज असलेली प्रक्रिया म्हणजे 0. मध्येच सिग्नल आला तरी मोडणारी झोप 1. जिची वाट पाहायची ती गोष्ट घडल्यावाचून न मोडणारी झोप 2. थांबवून ठेवलेली 4. पुढे 8, 16, 32 असे दुपटीने. द्विमान पद्धतीत या प्रत्येक आकड्याला स्वतःचे एकच घर मिळते. म्हणून त्यांची बेरीज केली तरी समासाचा विग्रह करावा तसे घटक वेगळे काढता येतात.

मग 3 म्हणजे काय? कोणतीही प्रक्रिया 3 या अवस्थेत नसते. एकाच वेळी दोन्ही प्रकारे कोणी झोपत नाही. 3 हा उठवणाऱ्याचा प्रश्न आहे: या दोहोंपैकी कोणत्याही झोपेत आहेस का? प्रश्न आणि अवस्था एकमेकांवर ठेवायच्या. एखादे घर जुळले की जाग. अशा प्रश्नाला बिटमास्क म्हणतात. 0 ला मात्र असे विचारता येत नाही, कारण त्याच्यापाशी जुळायला घरच नाही. प्रथमेच्या एकवचनालाही प्रत्यय नसतो, आणि कर्ता बहुधा तिथेच असतो.

2 ची झोप हट्टी. दूरच्या सर्व्हरवरील फाइलची वाट पाहत असताना तो सर्व्हरच बंद पडला, तर प्रक्रिया मारूनही मरत नसे. सिग्नल नोंदला जाई, पण तो घ्यायला ती जागी होत नसे. अनेकदा सारे यंत्रच बंद करावे लागे आणि त्यावर चाललेले इतरांचे कामही बुडे. 2008 साली 2.6.25 या आवृत्तीत एक नवे घर आले: प्राणघातक सिग्नलने तेवढे उठावे. हल्लीच्या संहितेत त्याची किंमत 256 आहे. 2 मध्ये ते मिळवले की 258, आणि ही खरोखरीची अवस्था आहे. अर्थात ती आपोआप लागू होत नाही. जिथे जिथे वाट पाहायची, तिथे ती जाणीवपूर्वक निवडावी लागते.

दोन्ही बेरजाच, पण 258 प्रक्रियेविषयी सांगतो, 3 विचारणाऱ्याविषयी. समीक्षेत आपण एखाद्या कादंबरीला 'ग्रामीण' म्हणतो, 'स्त्रीवादी' म्हणतो. त्यातले कोणते विशेषण त्या कृतीची अवस्था आहे आणि कोणता आपण घेऊन आलेला प्रश्न, हे वर्गात शिकवताना तरी वेगळे करून सांगायला हवे, असे मला वाटते.