साताऱ्यातील देवाचा दरबार

सातारा म्हटले की छत्रपतींची राजधानी आठवावी. मला मात्र तेथील निराळाच दरबार आठवतो. 1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. युरोपातील मेनोनाइट पंथाने प्रौढपणी स्वेच्छेने घेतलेला बाप्तिस्मा हाच मंडळीचा उंबरठा मानला आणि त्यापायी छळ सोसला. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेताना आप्तस्वकीयांचा दुरावा पत्करला होता. तरी त्यांनी हा उंबरठाच काढून टाकला. त्यांच्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही बंधुत्वाचे स्थान होते. मला हे धाडस धर्मांतराहूनही मोठे वाटते. 1919 मध्ये टिळक निवर्तले, दरबार ओसरला. बाप्तिस्मा न घेतलेल्या त्या भक्तांची नावे कोणत्या मंडळीच्या नोंदवहीत सापडणार?