चार फोटोंची भिंत

दोस्तांनो, तुमच्यातल्या फुटबॉलवेड्यांना मँचेस्टर युनायटेड हे नाव काही सांगायला नको. त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर तिघांचा एक पुतळा उभा आहे. जॉर्ज बेस्ट, डेनिस लॉ आणि बॉबी चार्लटन. क्लब सुरू झाला १८७८ साली, पुतळा बसला २००८ साली. म्हणजे एकशेतीस वर्षं, शेकडो खेळाडू, आणि त्यातून निवडले तिघेच! ज्याने कुणी ही निवड केली असेल त्याला किती जणांशी भांडावं लागलं असेल, विचार करा.

आपल्या कल्याण-डोंबिवली-ठाण्याला असा फुटबॉल क्लब नाही. पण आपल्याकडे क्रिकेट आहे, आणि भांडायची हौस तर भरपूर आहे! म्हणून मी ठरवलंय, आपल्याही खेळाडूंची एक भिंत करायची. सध्या मनातल्या मनातच. फोटो लावायचे फक्त चार. तुम्ही माझ्याबरोबर चला, वाटेत हवं तिथे मला अडवा. सुरुवात कल्याणपासून.

कल्याण जंक्शन कधी नीट पाहिलंय का? एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. सकाळी या पुलावर उभं राहिलं की वाटतं, अख्खा महाराष्ट्र इथून मुंबईला निघालाय. आपण मात्र उलट दिशेला, स्टेशनबाहेर पडून कल्याण पश्चिमेला रिक्षा करू. रिक्षावाल्या काकांना सांगायचं, "वायले नगर". तिथलं युनियन क्रिकेट अकादमीचं मैदान आपल्याला पाहायचंय.

मैदान म्हणाल तर साधंसुधं. पण ५ जानेवारी २०१६ ला याच मैदानाचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. भंडारी चषकाचा शाळाशाळांमधला सामना होता. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे, वय वर्षं पंधरा, आदल्या दिवशी फलंदाजीला आला आणि दिवस संपेपर्यंत बाद झालाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. डाव घोषित झाला तेव्हा त्याच्या नावावर होत्या नाबाद १००९ धावा! चेंडू ३२७, चौकार १२९ आणि षटकार ५९. जरा वही काढा. चौकारांच्या झाल्या ५१६, षटकारांच्या ३५४, बेरीज ८७०. म्हणजे उरलेल्या १३९ धावा बिचारा पळून काढत होता! त्याच्या संघाने केल्या ३ बाद १४६५. सामना जिंकला एक डाव आणि १३८२ धावांनी.

आता तुमच्यातला कुणीतरी हात वर करणारच. "पण समोरची मुलं लहान होती. आणि एका बाजूची सीमारेषा फार जवळ होती!" हे तेव्हाही पुष्कळांनी म्हटलं, आणि त्यात तथ्य आहे. दुसरी शंका याहून अवघड आहे. प्रणव पुढे मुंबईकडून रणजी खेळला नाही, भारताकडून खेळला नाही. मग एका डावावर त्याला भिंतीवर जागा द्यायची का?

मी पुष्कळ दिवस "नाही" म्हणत होतो. माझं मत बदललं ते इंग्लंडमधल्या एका मुलामुळे. प्रणवच्या आधी हा विक्रम होता ए. ई. जे. कॉलिन्स याच्या नावावर. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात शिकणाऱ्या या तेरा वर्षांच्या पोराने १८९९ च्या जूनमध्ये शाळेतल्याच दोन गटांच्या सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. तो विक्रम एकशेसोळा वर्षं टिकला. कॉलिन्स मोठेपणी एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नाही. सैन्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत मारला गेला. पण त्या शाळेने ते मैदान आजही त्याच्याच नावाने ओळखायचं ठरवलं आणि तिथल्या भिंतीवर त्याच्या डावाची पाटी लावली. पाहा, भिंत झालीच की!

एका शाळकरी डावाला ब्रिस्टल इतका मान देतं, तर कल्याणने का देऊ नये? आणि प्रणवची आणखी एक गोष्ट मला त्या हजार धावांइतकीच मोठी वाटते. त्याचे वडील रिक्षा चालवत. विक्रमानंतर मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला पाच वर्षांसाठी महिना दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याच्या धावा होईनात. तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनीच संघटनेला कळवलं की शिष्यवृत्ती थांबवा. मुलाचा खेळ पुन्हा जमला तर बघू. घरात पैशांची चणचण असताना असं पत्र लिहायला काय लागत असेल, हे तुमच्या आईबाबांना विचारा. तर पहिला फोटो प्रणवचा. खाली तारीख आणि आकडा, बस्स.

कल्याण सोडायच्या आधी दुसरा फोटो घेऊन टाकू. तुषार देशपांडे. हा कल्याणचाच. लहानपणी त्याला फलंदाज व्हायचं होतं, बरं का! शिवाजी पार्कला निवड चाचणीसाठी गेला तर फलंदाजांची रांग ही लांबलचक. गोलंदाजांची रांग त्यामानाने छोटी. पठ्ठ्या गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला! कल्याणहून परत गाडी पकडून घरी जायचं असतं तेव्हा वेळेची किंमत कळते ती अशी. तिथे पद्माकर शिवलकरांसारख्या गुरूंची नजर मुलांवर असे. शिवलकर म्हणजे प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही भारताकडून एकही कसोटी न खेळलेले फिरकी गोलंदाज. मोठेपणा टोपीवरून मोजायचा नसतो हे त्यांच्याकडे पाहून कळायचं.

तुषार वेगवान गोलंदाज झाला. २०२३ च्या आयपीएलमध्ये चेन्नईसाठी २१ बळी घेतले, जुलै २०२४ मध्ये हरारेला भारताकडून खेळला. पण मी फोटो लावणार आहे तो त्याच्या बॅटसकट! फेब्रुवारी २०२४, रणजीची उपांत्यपूर्व फेरी, बडोद्याविरुद्ध. मुंबई ९ बाद ३३७. तुषार अकराव्या क्रमांकावर आला आणि दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनबरोबर २३२ धावा जोडून बसला. तनुष नाबाद १२०, तुषार १२३. दहाव्या आणि अकराव्या दोघांनीही एकाच डावात शतक ठोकायची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही फक्त दुसरी वेळ. पहिली वेळही आपल्याच माणसांची होती. १९४६ साली चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी इंग्लंडमध्ये सरे संघाविरुद्ध ती करामत केली होती. लहानपणी फलंदाजांची लांब रांग सोडून आलेला मुलगा, आणि रांगेच्या अगदी शेवटी त्याला शतक मिळालं!

चला, आता स्लो लोकल पकडू. ठाकुर्ली, मग डोंबिवली. डोंबिवलीच्या गर्दीबद्दल मी काय सांगणार, तुम्हीच मला सांगाल. पूर्वेला फडके रोडने गणपतीच्या देवळापर्यंत एक चक्कर मारून येऊ, आणि तेवढ्यात भांडण मिटवून टाकू. कारण डोंबिवलीत दोन नावं समोर येतात, आणि दोन्ही दांडगी आहेत.

एक रोहित शर्मा. हो, रोहित शर्मा! त्याचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीच्या घरात राहत. कमाई तुटपुंजी, म्हणून रोहित बोरिवलीला आजीआजोबा आणि काकांकडे वाढला, आणि सुट्टीच्या दिवशी आईबाबांना भेटायला डोंबिवलीला यायचा. एका वन-डे सामन्यात २६४ धावा करणारा, २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. नुसते आकडे मांडले तर तोच पहिला.

दुसरा अजिंक्य रहाणे. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, पण शाळा डोंबिवलीची, एस. व्ही. जोशी हायस्कूल. क्रिकेटचे पहिले धडेही डोंबिवलीतल्याच एका छोट्या शिबिरात, मॅटिंगच्या खेळपट्टीवर. रिक्षाला पैसे नसत. मग आई एका कडेवर धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हातात अजिंक्यची किटबॅग घेऊन चालत त्याला सरावाला पोचवायची. पुढे आठेक वर्षांचा झाल्यावर लोकलने एकट्याने जायची वेळ आली. बाबा एक दिवस बरोबर गेले, दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तू एकटा जा. पोरगा गेला. बाबा मात्र गुपचूप मागच्या डब्यात चढले होते, नीट पोचतो की नाही ते पाहायला! ही गोष्ट अजिंक्यने स्वतः मुलाखतींत सांगितली आहे.

तर माझा नियम असा. खेळाडू जन्मला कुठे ते नाही पाहायचं, मोठेपणी फ्लॅट कुठे घेतला तेही नाही. ज्या स्टेशनवरून त्याने लहानपणी रोज किटबॅग उचलली, ते त्याचं गाव. या नियमाने रोहित बोरिवलीचा. वाईट मलाही वाटतंय! पण बोरिवलीकरांशी कोण भांडणार? शिवाय त्यांच्याकडे त्याला महिना २७५ रुपयांची फी माफ करवून देणारे दिनेश लाड सर आहेत. डोंबिवलीची जागा अजिंक्यची.

आणि त्याची निवड काही नियमाच्या आडोशाने होत नाही. १९ डिसेंबर २०२० आठवा. ॲडलेडला भारत सर्वबाद ३६! विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला आणि असा खचलेला संघ अजिंक्यच्या हाती आला. आठवड्याभरात मेलबर्नला त्याने ११२ केल्या, आपण सामना जिंकलो, आणि सामनावीराचं मुलाघ पदक पहिल्यांदा दिलं गेलं ते त्यालाच. जॉनी मुलाघ हा १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासी संघातला मोठा खेळाडू, त्याच्या नावाचं हे पदक. मग १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनचा गाबा. तिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरली नव्हती. आपण ३२८ धावांचा पाठलाग करून तीन गडी राखून जिंकलो. अजिंक्य मुंबईला परतला तेव्हा स्वागताला कांगारूच्या आकृतीचा केक होता. त्याने तो कापायला नकार दिला. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी, त्याच्यावर सुरी कशाला चालवायची? माझ्या मते भिंतीवर मधोमध फोटो याचा.

डोंबिवलीहून कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत खाडी ओलांडली की ठाणं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथवरच आली होती. ठाण्याला उतरायचं कारण मात्र वेगळं आहे. चौथा फोटो कल्याण लाइनवरचा नाहीच. तो आहे पालघरचा, आणि पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं. त्या मुलाने किटबॅग उचलली तेव्हा जिल्ह्याचं गाव ठाणंच होतं, म्हणून हक्क आपला!

शार्दूल ठाकूर. पालघरहून मुंबई म्हणजे कल्याणहूनही लांब. पहाटे उठून, बॅग सांभाळत, गाडीत उभं राहून यायचं. शाळेच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारणारा हा मुलगा पुढे वेगवान गोलंदाज म्हणून नावारूपाला आला. २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी खेळला आणि दहाच चेंडू टाकून दुखापतीमुळे बाहेर गेला. दुसरी कसोटी मिळाली ती तब्बल दोन वर्षांनी, थेट गाबावर. भारत ६ बाद १८६ असताना आला आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावा जोडल्या. स्वतःच्या ६७. दोन्ही डावांत मिळून सात बळी. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा तो गड पडला तेव्हा कर्णधार डोंबिवलीचा आणि अष्टपैलू पालघरचा. जुना ठाणे जिल्हा!

आणि २०२३-२४ चा रणजी हंगाम पाहा. उपांत्यपूर्व फेरीत तुषारच्या १२३. उपांत्य फेरीत तामिळनाडूविरुद्ध मुंबई ७ बाद १०६ असताना शार्दूलच्या १०९. अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध कर्णधार अजिंक्यच्या ७३. १४ मार्च २०२४ ला वानखेडेवर मुंबईने बेचाळिसावा रणजी करंडक उचलला. करंडक मुंबईचा, पण त्याला खांदा कुठकुठल्या स्टेशनांनी दिला ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

राहता राहिला प्रश्न भिंतीचा. ती बांधायची कुठे? ठाण्याचं दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे, डोंबिवलीचं क्रीडासंकुल आहे, वायले नगरचं मैदान तर आहेच. कल्याणकर म्हणणार दोन फोटो आमचे, भिंत आमच्याकडे. डोंबिवलीकर म्हणणार, मधला फोटो कुणाचा? मला विचाराल तर चारही फोटो लोकलच्या सामानाच्या डब्यात लावावेत, खिडकीच्या वर. किटबॅग टेकवायला जागा तिथेच मिळते.