तीस चौरस फूट

जागा आणि अवकाश हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांऐवजी वापरतो. त्यांतला भेद समजून घ्यायचा असेल, तर न्हाणीघराइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. जागा टेपने मोजता येते. अवकाश अंगाला जाणवावा लागतो.

आमचे न्हाणीघर संडासासह चार फूट रुंद आणि साडेसात फूट लांब आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अशा एकत्रित न्हाणीघरासाठी किमान २.८ चौरस मीटर क्षेत्र सांगितले आहे. म्हणजे सुमारे तीस चौरस फूट. नियमाने कमीत कमी जेवढे द्यायचे, तेवढे आम्हांला मिळाले आहे. तक्रारीला वाव नाही आणि कोपर हलवायलाही नाही.

अर्थात आमच्या आधीच्या पिढीला हेही वैभवच वाटले असते. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथे १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार झाले, संडास सामाईक. चाळीतली मोरी म्हणजे खोलीच्याच कोपऱ्यातला, कठड्याने वेगळा केलेला एक तुकडा. कुणी अंघोळीला बसले की पडदा ओढायचा आणि बाकीच्यांनी गॅलरीत जायचे, नाहीतर पाठ फिरवायची. त्या मोरीला जो काही अवकाश लाभत असे, तो घरच्यांच्या या पाठ फिरवण्यातून.

आम्हांला दार आहे, कडी आहे. त्यामुळे दुरुस्ती काढली तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न दिसण्याचा होता, आणि त्याची उत्तरे सर्वांना पाठ असतात. जमिनीला आणि भिंतींना एकच फिकट रंग द्यावा, म्हणजे कडा पुसट होतात व नजर अडत नाही. टाइल्स मोठ्या घ्याव्यात, म्हणजे सांधे कमी दिसतात. भिंतभर आरसा लावावा. पडद्याऐवजी पारदर्शक काच बसवावी. कमोड भिंतीवर टांगावा, म्हणजे त्याखालची जमीनही दिसते. ह्या युक्त्या खोट्या नाहीत. डोळा खरोखरच फसतो.

परंतु आमच्या घरी ऐंशी ओलांडलेले अण्णा आहेत. त्यांच्या बाजूने पाहू लागलो, तेव्हा यांतली जवळजवळ प्रत्येक युक्ती उलटली. कडा पुसट झाल्या की जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे अधू नजरेला कळत नाही. पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा कमोड हरवतो. स्वच्छ काचेवर माणूस आदळतो. गुळगुळीत टाइल ओली झाली की पाय ठरत नाही.

जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाने १९३३ साली सावल्यांची महती गाणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्याने संडासावरही तन्मयतेने लिहिले आहे. त्याला तिथे लख्ख पांढऱ्या टाइल्स नको होत्या. लाकूड आणि मंद उजेड हवा होता. त्याचा आग्रह सौंदर्याचा होता, आमचा तोल सांभाळण्याचा. मंद उजेड आम्हांला परवडणारा नव्हता. पण लख्ख शुभ्रतेविषयीचा त्याचा संशय आम्ही उसना घेतला.

जमीन गडद आणि खरखरीत केली, भिंती फिकटच ठेवल्या. आरसा बेसिनपुरता. कमोडशेजारी व नळाजवळ भिंतीत पक्के रोवलेले दांडे. बादलीच्या उंचीला साजेसे, न घसरणारे स्टूल. साबण-तेलासाठी भिंतीतच कोनाडा, म्हणजे खांद्याला लागणारी फळी गेली. मुख्य बदल दाराचा. ते आत उघडत असे आणि मोकळ्या जमिनीचा मोठा तुकडा खाई. शिवाय आत कुणी पडले तर त्याच्याच अंगाने दार अडले असते. आता ते बाहेर उघडते, आणि गरज पडल्यास कडी बाहेरूनही काढता येते.

टेपने मोजले तर चार बाय साडेसातच. छायाचित्रात हे न्हाणीघर पूर्वीपेक्षा लहानच दिसेल. मात्र आधी अण्णांच्या अंघोळीच्या वेळी दार अर्धवट उघडे ठेवून आमच्यापैकी एकाला बाहेर उभे राहावे लागे. या वयात कुणाच्या पहाऱ्याखाली अंघोळ करणे त्यांना किती लागत होते, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. आता ते आतून कडी लावतात आणि त्यांना हवा तेवढा वेळ घेतात.