मशाल देताना

शिवजयंतीच्या आदल्या रात्री पन्हाळ्यावर पाय ठेवायला जागा नसते. गावोगावची मंडळं आलेली असतात. मशाली पेटतात आणि शिवज्योत घेऊन पोरं आपापल्या गावाकडे धावत सुटतात. आमचं गाव मिरजेजवळ. वाघबीळ, केर्ली, शिवाजी पूल, हातकणंगले, जयसिंगपूर, अंकली असा सुमारे ७० किलोमीटरचा पल्ला. १९ फेब्रुवारीच्या सकाळी ज्योत चौकात पोचली पाहिजे आणि वाटेत विझता कामा नये.

हे एकट्याचं काम नाही. पुढे मोटारसायकली, मागे टेंपो; टेंपोत तेलाचा डबा, चिंध्या, पाण्याचे कॅन, पाळी झालेले आणि पाळीची वाट बघणारे. एकेकाने अर्धा-एक किलोमीटर धावायचं. पुढच्याने उतरून आधीच पळायला लागायचं, दोघं बरोबरीला आले की पळतापळताच मशाल द्यायची. फेब्रुवारीत उसाचा हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अगदी अंगाला लागून जातात. समोरून वारा असेल तर मशाल जरा बाजूला धरावी लागते, नाहीतर धूर थेट डोळ्यांत. हे सगळं पोरं एका रात्रीत शिकतात. वेळ लागतो तो मशाल द्यायला शिकण्यात.

धाव चांगली लागलेली असते. वाटेवरची गावं जागी असतात, ‘जय भवानी’ म्हटलं की अंधारातून ‘जय शिवाजी’ येतं. अशा वेळी हातातली मशाल सोडवत नाही. त्या पुढच्या खांबापर्यंत तरी नेऊ, असं मन म्हणत राहतं. टेंपोतून हाक येते, “दे आता!” पोराला ती टोचते. पण पाय जड झाले की हात खाली येतो, वेग मोडतो आणि पुढच्याला मोडलेल्या वेगातून सुरुवात करावी लागते. एकट्याच्या शर्यतीत शेवटच्या श्वासापर्यंत धावण्याचं कौतुक होतं. इथे अंगात बळ शिल्लक असतानाच मशाल द्यावी लागते, कारण द्यायलाही बळ लागतं.

जपानमधली एकिदेन नावाची शर्यत अशीच आहे. पहिली १९१७ साली क्योतोहून तोक्योपर्यंत, सुमारे ५०० किलोमीटरची झाली. विद्यापीठांची हाकोने एकिदेन १९२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रत्येक संघाचे दहा धावपटू दोन दिवसांत सुमारे २१७ किलोमीटर कापतात आणि खांद्यावरून तिरका घातलेला पट्टा पुढच्याला देत जातात. संघ ठरलेल्या वेळेपेक्षा मागे पडला, तर पुढच्याला त्याची वाट न बघता सोडतात. तो वेगळा पट्टा घालून धावतो. शर्यत पुरी होते, वेळही मोजली जाते. तरी पट्टा हातात घेऊन पोचलेला आणि समोर कुणीच नसलेला तो मुलगा कोसळून रडतो. त्याचं रडणं आमच्या टेंपोतल्या कुणालाही समजेल.

पन्हाळ्याने तर याहून मोठी धाव पाहिली आहे. १६६० च्या जुलैत, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून, भर पावसाच्या रात्री महाराजांची पालखी विशाळगडाकडे निघाली. बाजीप्रभूंचं नाव आपण घेतो, बांदलांचं घेतो. चिखलातून पालखी पळवणाऱ्या भोयांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. एकाचा खांदा मोडायच्या आत दुसऱ्याचा खांदा लागत गेला असणार, म्हणून ती पालखी पुढे जात राहिली.

गावातली मंडळं, वाचनालयं, पतसंस्था पाहिल्या की मला हे पुन्हापुन्हा आठवतं. चांगली माणसं, तळमळीने काम करणारी. पण दमून बसेपर्यंत सूत्रं सोडत नाहीत. तोवर घेणारा खुर्च्या मांडून कंटाळलेला असतो, किंवा पुण्याला निघून गेलेला असतो. त्या माणसांच्या निष्ठेत कमी नसते. “दे आता” म्हणणारं जवळ कुणी नसतं, एवढंच.

आमच्या मंडळात आता वाटेची सगळी आखणी विशीतली पोरं-पोरी करतात. गडावरून वाघबिळापर्यंतचा उतार मुली धावतात. कुणी किती धावायचं, कुठे थांबायचं, ते तीच ठरवतात आणि मी ऐकतो. “दादा, तुम्ही अजून धावू शकता की,” असं कुणीतरी म्हणतं. खरं आहे, धावू शकतो. म्हणून तर द्यायची वेळ हीच आहे.