शेगडी परसातच राहू द्या





संक्रांत झाली की पुढच्या रविवारी शाळेच्या मागच्या अंगणात आपली भरीत-पार्टी होते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. 'पार्टी' हा शब्द मुलांचा. आम्ही त्याला वनभोजन म्हणतो, वन म्हणजे एक कडुलिंब आणि पेरूची दोन झाडे. चार शेगड्या पेटतात, साठ-सत्तर वांगी भाजली जातात, रताळी होतात, ओल्या हरभऱ्याचे होळे होतात आणि शेवटी पापड. गेल्या वर्षी काही पालकांनी विचारले, कोळसा कुठला घेता, जाळी कुठली, आम्हालाही घरी गच्चीवर हे करायचे आहे. एका विश्वस्तांनीही हसत हसत विचारले, कोळशाचे बिल वांग्यांच्या बिलाच्या जवळ कसे काय पोचते? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच देतो. आणि जे कोणी विचारले नाही तेही सांगायचे आहे.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, आम्ही (म्हणजे अस्मादिकच) जवळच्या दुकानातून मिळेल ते पोते उचलून आणले. अर्धे पोते चुरा. उरलेला कोळसा ओलसर. तो पेटेना, म्हणून कोणीतरी वरून रॉकेल ओतले. भडका असा उडाला की पेरूची खालची पाने करपली. पाचवीतल्या एका मुलाने पहिला घास घेऊन विचारले, "सर, हे रॉकेलचं भरीत आहे का?" त्या दिवशी बरेचसे भरीत गाईलाही घालता आले नाही.

पुढच्या वर्षी आम्ही लाकडाच्या टालेवर गेलो. (पुण्याकडचे पाहुणे तिला वखार म्हणतात. आमचे सगळे शिक्षण हिंदीतून, मराठी फक्त घरातली, म्हणून एखादा शब्द इकडचाच येणार, चालवून घ्यावा.) टालेवरच्या म्हाताऱ्या मालकाने कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवले. चांगला कोळसा खणखणतो, कच्चा कोळसा थप्प असा आवाज करतो. तोडला तर आत काळी चकाकी दिसली पाहिजे. मध्येच तपकिरी लाकूड दिसले तर तो पुरता जळलेला नाही, धूर करणारच. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटला पाहिजे. जड लागला तर एक तर ओला आहे, नाहीतर त्यात माती आहे. ओला कोळसा तडतडून ठिणग्या उडवतो, आणि लहान मुले भोवती असताना ते परवडणारे नाही.

लाकडी कोळसा म्हणजे तरी काय? लाकूड पुरेशा हवेशिवाय तापवले, की त्यातले पाणी आणि धूर करणारे पदार्थ निघून जातात व बहुतांशी कार्बन उरतो. म्हणूनच तो नंतर बिनधुराचा जळतो. बाभूळ, चिंच अशा घट्ट लाकडाचा कोळसा जास्त वेळ टिकतो. आंब्यासारख्या हलक्या लाकडाचा लवकर पेटतो आणि लवकर राख होतो. नारळाच्या करवंटीचा कोळसाही मिळतो. त्याची आच एकसारखी असते, पण पेटायला वेळ लागतो व भावही अधिक. दगडी कोळसा मात्र खाण्याच्या पदार्थाखाली नको. जुन्या इंदूरकरांना मिलच्या चाळींमधल्या संध्याकाळी आठवत असतील, प्रत्येक दारापुढे धुमसणारी सिगडी आणि घशात उतरणारा तो वास. त्या कोळशात गंधक असतो. वर भांडे असले तर ठीक, पण वांगे सरळ त्याच्यावर ठेवले तर तोच वास वांग्यात येतो. आणि बाफले करायचे असतील तर कोळशाचा विचारही करू नये. बाफला कंड्यांवरच, यावर माळव्यात वाद होत नाही.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याने मागे एकदा गोल झाकणाचे परदेशी ग्रिल शाळेला देऊ केले. तिकडे घराच्या मागच्या अंगणात असे भाजणे ही घरोघरची रीत आहे. झाकणाच्या या शेगडीची कथा मजेदार आहे. १९५२ साली शिकागोजवळच्या एका धातूच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा पत्र्याचा गोळा मधोमध कापून तिचा पहिला नमुना केला. वाऱ्यापावसातही आच सांभाळता यावी, हा हेतू. तिकडे बहुधा कोळशाच्या ठोकळ्या वापरतात, म्हणजे कोळशाची पूड पिठासारखा चिकट पदार्थ घालून दाबलेली. मोटारवाले हेन्री फोर्ड यांनी कारखान्यातल्या लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांपासून १९२० च्या दशकात या ठोकळ्यांचा मोठा धंदा उभा केला. ठोकळ्यांची आच सारखी राहते हे खरे, पण काही ठोकळ्या काडी लावताच पेटाव्यात म्हणून त्यांत आधीच तेल मुरवलेले असते. पाकीट वाचून घ्यावे. आम्हाला २०१७ चे भरीत अजून आठवते. ग्रिलबद्दल त्या विद्यार्थ्याचे आभार मानले आणि तेवढ्या पैशांत वाचनालयासाठी पुस्तके मागितली. साठ वांगी झाकणाखाली मावत नाहीत, हे कारण आम्ही त्याला सांगितले. शेगडीभोवती बसून मुलांना वांगे फुटताना दिसले पाहिजे, हे खरे कारण.

जाळीची गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. घरातल्या बिघडलेल्या फ्रिजची जाळी काढून शेगडीवर ठेवणारे पुष्कळ आहेत. तिच्यावर कसला मुलामा आहे हे आपल्याला माहीत नसते, म्हणून ती नकोच. हार्डवेअरच्या दुकानातली पांढरट चमकणारी स्वस्त जाळी बहुधा जस्त चढवलेली असते. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, आणि पंख्याने फुललेल्या निखाऱ्याची उष्णता त्याच्या कितीतरी वर जाते. त्या धुराने वेल्डिंगवाल्यांना ताप-थंडी भरते. आम्ही साध्या लोखंडी सळयांची जाळी लोहाराकडून करून घेतली. गंज चढतो, म्हणून काम झाल्यावर घासून तेलाचा हात द्यावा लागतो, इतकेच. स्टेनलेस स्टीलही चालते, महाग पडते. होळ्यांसाठी बारीक जाळी वेगळी, नाहीतर अर्धे दाणे निखाऱ्यांत आणि मुलांची बोटे त्यांच्या मागे. जाळी निखाऱ्यांपासून चार बोटे वर असावी. आच किती आहे हे पाहायला तळहात जाळीच्या उंचीवर धरावा. दोन-तीन अंक मोजेपर्यंत हात मागे घ्यावा लागला तर वांग्याला योग्य, पाच-सहापर्यंत टिकला तर रताळ्याला योग्य.

पेटवण्यासाठी रॉकेल आता आपण वापरत नाही. तेलाचा रिकामा पिपा घेतला, दोन्ही तळ काढले, खालून चार बोटांवर सळया आडव्या घातल्या, त्यांच्या खाली कडेने भोके पाडली. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा. काडी लावली की धुराड्यासारखा ओढा बसतो आणि वीसेक मिनिटांत निखाऱ्यांवर राखाडी साय धरते. मग शेगडीत ओतावे. हे पिपे नववीच्या मुलांनी केले आहेत. चांगला कोळसा, घडवलेली जाळी, यांमुळे बिल वाढते, हे विश्वस्तांना उत्तर.

आता न विचारलेले.

१९७८ च्या जानेवारीत आम्ही आठ वर्षांचे होतो. आमच्या काकू बाळंत झाल्या होत्या. घर रामबागेतले, जुने. मागची खोली बाळंतिणीची. थंडी कडाक्याची होती. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, दाराला आतून गोधडी लावलेली, आणि बाजेखाली शेगडी. ही रीत घरोघर होती. आजी शेगडी आधी अंगणात फुलवून घेई. धूर पुरता गेला, निखाऱ्यांवर राखेची साय आली, की मगच आत नेई, बाळाच्या डोळ्यांना धूर लागू नये म्हणून. कोळसाही स्वतः निवडे, बाभळीचा, खणखणीत. वर आम्ही जे तुम्हाला शिकवले, ते सगळे तिला येत होते.

आठव्या दिवशी पहाटे काकूंनी हाकेला ओ दिली नाही. त्यांना उचलून अंगणात आणले, तेव्हा हळूहळू शुद्ध आली, उलट्या झाल्या, दोन दिवस त्या डोके धरून होत्या. बाळ गेले होते. मुलगी होती. बारसे व्हायचे होते, त्यामुळे तिला नाव नव्हते.

कोणी दृष्ट म्हणाले, कोणी सटवाई. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

दहा वर्षांनी आम्ही बी.एस्सी.ला होतो. हिंदीतल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात कार्बन मोनॉक्साइडचा धडा आला. कोळसा जळताना हवा अपुरी पडली की हा वायू होतो. शिवाय पुरता जळून झालेला कार्बन डायऑक्साइडही वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना पुन्हा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर कधी निळी ज्योत नाचताना दिसते, तो हाच वायू जळत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असतो आणि शरीराला प्राणवायू मिळत नाही. धूर असता तर खोकला आला असता, काकू जाग्या झाल्या असत्या. आजीने धूर काढून टाकला होता.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आजी अंगणात त्याच शेगडीवर पापड भाजत होती. तिला काही सांगितले नाही. १९९४ साली ती गेली, तोवर नाही सांगितले. ते बरोबर केले असे अजून वाटते. काकूंना मात्र फार उशिरा सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझंच चुकलं. रात्री ती दुधासाठी रडली नाही, तर मी उठून बघायला हवं होतं." तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी हे एकटीने वाहिले होते. ते बरोबर केले असे वाटत नाही.

२०१९ च्या भरीत-पार्टीनंतर आठवीतली एक मुलगी धावत ऑफिसात आली. चौकीदार भैया उरलेले निखारे घमेल्यात भरून आपल्या खोलीत नेत होता. त्या खोलीत त्याची बायको आणि दोन मुले झोपतात. आम्ही जाऊन घमेले बाहेर काढले, तर तो नवलाने म्हणाला, "सर, इसमें धुआँ तो है ही नहीं।" आम्हाला क्षणभर काही बोलता आले नाही. मग तिथेच अंगणात बसून त्याला आणि त्याच्या बायकोला सगळे समजावले. त्या वर्षी शाळेतर्फे त्यांना दोन रजया दिल्या. बिलात त्याही आहेत.

म्हणून घरी करणाऱ्यांना सांगतो. शेगडी उघड्या अंगणात किंवा उघड्या गच्चीवर. पत्रे घालून बंद केलेली गच्ची, गॅरेज, तंबू, यांना उघडे म्हणत नाहीत. खिडकी थोडी उघडी ठेवली, पंखा लावला, एवढ्यावर विसंबू नये. काम झाले की निखारे चिमट्याने एकेक पाण्याच्या बादलीत टाकावेत. शेगडीवर वरून पाणी ओतू नये, वाफ आणि गरम राख अंगावर येते. विझलेला कोळसा उन्हात वाळवला की पुन्हा चालतो. राख लगेच कचऱ्यात टाकू नये, तिच्या पोटात दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असतो. आणि शेगडी असलेल्या जागी दोघा-तिघांचे एकदमच डोके दुखू लागले, मळमळले, तर थंडीला किंवा जेवणाला दोष न देता आधी सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

यंदाही संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी नऊला पिपे पेटतील. रताळी प्रत्येक घरून दोन, धुऊन आणावीत. मुलींनी ओढण्या, मुलांनी मफलर शेगडीजवळ नीट बांधून बसावे, नायलॉनचे कपडे घालू नयेत. निखारे विझवण्याचे काम यंदा आठवी 'ब' कडे आहे. बादल्या तीन लागतील, दोन आहेत. कोणी एक लोखंडी बादली आणल्यास बरे होईल.