पोडावर जाण्याआधी

समुपदेशन शिकणाऱ्या मुलामुलींनी परदेशी जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'जावे' असेच आहे. मात्र यवतमाळ जिल्ह्यात काम करणार असतील तर लंडनऐवजी त्यांनी हरारे गाठावे. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. म्हणून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारेच्या वस्तीतल्या 14 आज्यांनाच शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसून त्या ऐकतात आणि दहा अडचणींतली एक निवडून तिच्यावर काय करता येईल, ते समोरच्याकडूनच वदवून घेतात. तिथल्या शोना भाषेत नैराश्यासारख्या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडेही 'मला नैराश्य आले' असे कोण म्हणतो? 'लय टेन्शन हाये', 'मन लागत नाही', एवढेच कानी येते.

ही रीत शिकायला आफ्रिकेपर्यंत कशाला, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातलीच माणसे तयार केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. रीत इथेच शिकता येते. परदेशात शिकायचे ते परके होणे. मग यवतमाळच्याच झरी-जामणीतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पाठवा, तिथलीही भाषा येत नाहीच, हा आक्षेप त्याहून वजनदार. पण पोडावर गेलेला विद्यार्थी भाषा येत नसतानाही 'साहेब' किंवा 'मॅडम'च असतो. शिक्षण, जात, सरकारी गाडी यांचा दाब त्याच्याआधी तिथे पोचलेला असतो. हरारेत तो कोणीच नसतो. साधा पत्ता विचारायलाही दुसऱ्याच्या दयेवर राहावे लागते, आणि मदत मागताना माणूस किती लहान होतो ते अंगावर येते. हे अनुभवलेला समुपदेशक पोडावर वेगळ्या आवाजात बोलेल.

इथल्या शेतकऱ्याचे कर्ज आणि कापसाचा भाव हे प्रश्न बोलण्याने सुटत नाहीत, हेही खरेच. रास्त भावाऐवजी समुपदेशन पुढे करणे ही शेतकऱ्याची फसवणूक आहे. मात्र बँकेत जायला, पीकविम्यासाठी भांडायला आधी अंथरुणातून उठावे लागते, आणि ते बळ कोणाशी तरी बोलून येऊ शकते.

राज्याची परदेश शिष्यवृत्ती विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहते. आज्यांचा बाक त्या यादीत कधीच येणार नाही. समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने ही अट सोडावी: दोन महिने हरारे, आणि परतल्यावर किमान तेवढेच दिवस पोडावर.